धुराशिवाय गड

माझ्या माहेराचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी निघाली. कोणती ते सांगत नाही. शेजारणीने ती भिंतीपलीकडून ऐकली आणि पुढे चांगला आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तेवढीच घरात शांतता, म्हणून मीही माफी मागायला गेले नाही.

चित्र कागदावर होतं. आभाळ काळंनिळं, गच्च दाटलेलं, आत्ता कोसळेल असं. त्याखाली डोंगर, डोंगरावर तट, तटाला भगदाडं पडलेली, बुरुजाच्या फटीतून झाड उगवलेलं. खाली नदीचं पाणी आणि पाण्यात त्या सगळ्याची काळी सावली. माणूस नाही, ढोर नाही, निशाण नाही. एका कोपऱ्यात एक घार होती, तीही निघायच्या बेतात दिसत होती.

"हा कुठला मसणवटा आणलात घरात?" मी विचारलं.

आमचे हे त्या कागदासमोर मांडी घालून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "सिंहगड."

मग ती शिवी निघाली.

आम्ही जातीने जिनगर. आमच्यात कुणी खोगीर शिवतो, कुणी मूर्ती घडवतो, कुणी भिंतीवर चित्रं काढतो. माझा बाप गडावर असायचा. शिबंदीची खोगिरं, म्यानं, बारुदाच्या पिशव्या, सगळं चामड्याचं काम त्याच्याकडे. मी गडावर जन्मले, गडावर वाढले आणि तिथून लग्न करून पुण्यात कसब्यात आले. आमचे हे चितारी. वाड्यांच्या दारांवर गणपती, दिवाणखान्यात दशावतार, कुणाच्या देवघरात गाय-वासरू, असली कामं ते करायचे. हात चांगला होता. पण पुण्यातली माणसं चित्र बघताना आधी त्यात काय चुकलं ते सांगतात आणि मग काही सांगतच नाहीत. म्हणून पेशव्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रजांच्या वकिलाच्या संगमावरच्या बंगल्यातून बोलावणं आलं तेव्हा ह्यांना बरं वाटलं. तिथला एक तरुण साहेब हौसेने चित्रं काढायचा. त्याला रंग तयार करून द्यायचे आणि त्याच्या चित्रांच्या हुबेहूब नकला उतरवून द्यायच्या, म्हणजे तो त्या आपल्या मित्रांना विलायतेला पाठवणार, असं ते काम होतं.

त्यातलंच हे चित्र. ह्यांनी नक्कल करायला घरी आणलं होतं.

"धूर कुठे आहे?" मी म्हटलं.

"कसला धूर?"

"कसला म्हणजे? आईचा!"

हे तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आमच्या ह्यांच्यासारखे बघत बसाल. गडावर एक शिरस्ता होता. शिबंदीतली निम्मीअधिक माणसं कायम कुठल्या ना कुठल्या मोहिमेवर गेलेली असायची. त्यांची घरं बंद पडायची. पण खालून गड बघणाऱ्याला ते कळता कामा नये. म्हणून दिवस कलला की बंद घरांतल्या चुलीही पेटवायच्या. वर काही शिजत नसलं तरी चालेल, धूर निघाला पाहिजे. खालच्या माळावरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गड भरलेला आहे, घरोघर भाकऱ्या भाजल्या जाताहेत, इथे हात घालायचं काम नाही. ज्या गडावर धूर दिसत नाही त्या गडावर शत्रू शिडी लावतो, असं आम्हाला लहानपणापासून ऐकवलेलं. हे काम बायकांचं. माझा बाप वारल्यावर किल्लेदाराने ते सगळंच आईकडे दिलं. ती तिथेच राहिली. मी कितीदा म्हटलं, ये माझ्याकडे पुण्याला, तर म्हणायची, "मी आले तर धूर कोण लावील? तू?"

रोज तिसऱ्या प्रहरानंतर ती मडक्यात निखारे घेऊन निघायची. घरामागून घर करत, प्रत्येक चुलीत दोन शेण्या, करवंदीच्या काटक्या आणि वर ओला पाला. ओला पाला घातला की पांढरा धूर सरळ वर चढतो. मी लहानपणी तिच्या मागून पाल्याची पाटी घेऊन फिरत असे. डोळे चुरचुरायचे. आई म्हणायची, "रडून घे, धुराचं नाव सांगता येतं." अशी होती.

लग्न होऊन आल्यावर मी कधीमधी संध्याकाळच्या वेळी पर्वतीच्या पायऱ्या चढून वर जायची आणि नैर्ऋत्येला तोंड करून बसायची. गड दिसायचा. धूर इतक्या लांबून कुठला दिसतोय! पण वेळ झाली की मला ठाऊक असायचं की ती आता तिसऱ्या घरात असेल, आता पाला घालत असेल. माझी आई मला रोज दिसायची ती अशी.

आणि ह्या साहेबाने तिला पुसून टाकलं होतं.

"अगं, त्याला पडकं आवडतं," हे मला समजावत म्हणाले. "त्यांच्या मुलखात पडके किल्ले बघायला लोक मुद्दाम लांबून जातात. सुस्कारे टाकतात. त्याची चित्रं घरात लावतात."

"पडकं बघायला लांब कशाला जायचं? आपल्या मागच्या न्हाणीघराची भिंत बघायला या म्हणावं. सुस्कारे मी टाकून दाखवते."

"तू ऐकून तर घे."

"काय ऐकू? धडधाकट तटाला त्याने भगदाडं पाडली, निशाण उतरवलं, माझ्या आईची चूल विझवली, आणि तुम्ही त्याची नक्कल काढणार. एक नाही, पाच-पाच! त्या तिकडे जाणार. तिकडची माणसं म्हणणार, अरेरे, बघा, तिथे कोणी राहत नाही. ज्याला कोणी राहत नाही असं वाटतं तो काय करतो, सांगू?"

हे गप्प बसले. गप्प बसणं हा ह्यांचा मोठा गुण होता आणि त्याचाच मला राग यायचा. त्यांनी कुंचला बुडवला आणि आभाळ रंगवायला घेतलं.

ठीक आहे, म्हटलं. मी उठले, चुलीतला विस्तव राखेसकट बाहेर नेऊन टाकला, चूल पोतेऱ्याने सारवली आणि तिच्यावर पाट उलटा ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या गडावर चूल पेटत नाही ना? मग ह्या घरातही नाही. ओसाड घर आहे. सुस्कारे टाका."

घरात आम्ही दोघंच, त्यामुळे उपाशी राहणारं तिसरं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी ह्यांनी फुटाणे आणले आणि काही झालंच नाही अशा थाटात खाल्ले. दुसऱ्या दिवशी कुरमुरे. तिसऱ्या दिवशी शेजारणीने भिंतीपलीकडे मुद्दाम लसणाची फोडणी दिली, खमंग वास आमच्या ओसरीपर्यंत आला. हे कुंचला हातात धरून तसेच बसून राहिले. मी पण भुकेने कासावीस झाले होते, खोटं का बोलू, पण तोंड वाकडं केलं नाही. आईची लेक होते मी.

चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. घरं कुठल्या बाजूला आहेत ते दाखव."

मी दाखवलं. तळ्याच्या वरच्या अंगाला, महादेवाच्या देवळापासून तटापर्यंत. ह्यांनी कोरड्या कुंचल्याने जरासं पांढरं उचललं आणि आपल्या नकलेतल्या काळ्या आभाळात एक बारीक रेघ वर सोडली. मग तिच्याशेजारी दुसरी. तटामागून निघून त्या रेघा आभाळात विरत गेल्या. बघता बघता त्या मसणवट्यात कुणीतरी राहायला आलं.

मी पाट उचलला आणि शेजारणीकडे विस्तव मागायला गेले. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने विस्तव दिला.

नक्कल संगमावर गेली आणि दोन दिवसांनी निरोप आला की चितारी आणि त्याची बायको, दोघांना बोलावलंय. म्हणजे ह्यांनी माझं नाव सांगितलं होतं. "तू काढायला लावलंस, तूच सांग," असं त्यांचं म्हणणं. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. मुठा उतरून आम्ही बंगल्यावर पोहोचलो.

साहेब तरुण होता, उन्हाने नाक सोललेलं. त्याच्या शेजारी दुभाषी म्हणून मुनशी उभे. मोमीनपुऱ्यातले, तीन पिढ्या पुण्यात गेलेले, मराठी माझ्याहून स्वच्छ. दोन्ही चित्रं मेजावर शेजारी शेजारी मांडून ठेवली होती.

"साहेब विचारतात, हा धूर चित्रात का घातला?"

"घातला नाही. तो आहेच. साहेबांनी काढून टाकला होता, तो आम्ही परत जागेवर ठेवला. आणि साहेबांना विचारा, खोटं चित्र काढताना हात कसा कापला नाही त्यांचा?"

मुनशींनी माझं एवढं बोलणं चार शब्दांत उरकलं.

"सगळं सांगितलंत का?" मी विचारलं.

"आपल्या दोघांच्या तब्येतीला मानवेल तेवढं सांगितलं, बाई."

साहेब चिडला नाही. हसला. त्याने पुष्कळ वेळ काहीतरी समजावलं, हातवारे करून, फार गोड आवाजात. मुनशींनी सांगितलं ते असं. खडकवासल्याला नदीकाठी बसून साहेबांनी चित्र काढलं. धूर साहेबांनी पाहिला. रोज पाहिला. पण धुराने चित्र बिघडतं. धूर आला की गड म्हणजे नुसतं एक गाव होतं, कुणीतरी स्वयंपाक करतंय असं वाटतं. ओसाड गड पाहिला की मन भरून येतं, गेलेला काळ आठवतो.

धूर दिसला नव्हता असं म्हणाला असता तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. माणसाची नजर अधू असते. पण ह्याने आईचा धूर रोज डोळ्यांनी पाहिला आणि हाताने वगळला!

"गेलेला काळ कुणाचा?" मी म्हटलं. "आमचा तर चालू आहे. विचारा त्यांना, त्यांचं मन भरून यावं म्हणून आम्ही चुली विझवायच्या काय?"

मुनशी खाली बघून मिशीत हसले. त्यांनी किती सांगितलं देव जाणे. साहेबाने ओल्या बोळ्याने धूर पुसून काढायची खूण केली आणि पाण्याचं भांडं ह्यांच्या पुढे सरकवलं.

आमच्या ह्यांनी बोळा हातात घेतला. हा गरीब माणूस, ह्याच्याकडून काय होणार असं मला वाटलं. ह्यांनी बोळा पाण्यात बुडवला, पिळला, भांड्याच्या काठावर नीट पसरून ठेवला आणि मुनशींना म्हणाले, "साहेबांना सांगा, मला हा गड धुराशिवाय काढता येत नाही. हात वळत नाही." मग त्यांनी आपली नक्कल उचलली, गुंडाळी केली आणि बगलेत मारली.

काम गेलं, हे सांगायला नकोच. नदी उतरताना हे गुडघाभर पाण्यात थांबले आणि म्हणाले, "आज जेवायला काय करशील?" मी म्हटलं, "काय म्हणाल ते." त्या दिवशी मी पुरण घातलं. सण नव्हता काही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. वर्ष-दीड वर्षात सगळं उलटंपालटं झालं. एका दुपारी खडकीकडे तोफा धडधडू लागल्या आणि संगमावरच्या बंगल्याला आग लागली. आमच्या छपरावर चढून बघितलं तर काळा लोट आभाळात चढत होता. साहेबाची सगळी चित्रं त्यात गेली, तो मसणवटाही गेला. धूर नको होता ना मेल्याला, शेवटी धूरच नशिबी आला, असं मी म्हणाले आणि हसले. ते हसू फार दिवस टिकलं नाही. श्रीमंत पेशवे पुणं सोडून गेले, शनिवारवाड्यावर परकं निशाण चढलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गोऱ्यांनी तोफा ओढत ओढत सिंहगडाला वेढा घातला.

मी रोज पर्वतीवर जाऊन बसायची. आता धूर दिसायचा, पण तो आईचा नव्हता. मधूनच गडगडायचं, इतक्या लांबून छातीत बसायचं. हे माझ्याशेजारी येऊन बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. तेव्हा मला त्यांच्या गप्प बसण्याचा राग आला नाही.

मग एके दिवशी तोफा थांबल्या. गड दिला, अशी बातमी आली. आतल्या माणसांना अंगावरच्या चीजवस्तूसह उतरू दिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. अंगावर लुगडं होतं तेवढंच, डोक्यावर गाठोडं नाही, हातात एक मडकं. मडक्यावर राख, राखेखाली निखारे.

"चूल कुठाय तुझी?" आई म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडायला गेले तर म्हणाली, "आधी हे ठेवू दे. गड उतरून डोणज्यापासून फुंकत आणलंय." तिने माझ्या चुलीतला विस्तव बाजूला केला, गडावरचा घातला, वर दोन शेण्या ठेवल्या आणि मग भिंतीला टेकून बसली. तेव्हा मला दिसलं की तिच्या भुवया जळलेल्या होत्या.

वेढ्यात तिने काय केलं ते मला तुकड्या तुकड्यांनी कळलं. लोक तळ्याकडच्या घरांत आणि कोठारांत लपले होते. आई दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या घरांत जाऊन चुली पेटवायची. गोरे धूर बघून तिकडे गोळे टाकायचे. "टाकू देत," आई म्हणाली. "रिकामी घरं आहेत, पडली तर पडली." आणि तू, मी विचारलं. "मी काय तिथे बसून राहत होते होय? पाला घातला की पुढच्या घरात."

एक गोष्ट मात्र तिला फार लागली होती. गड सोडताना तिने मागे वळून बघितलं आणि वर धूर नव्हता. जन्मात पहिल्यांदा. ती ते बोलायची नाही. पण संध्याकाळ झाली की उठून उभी राहायची, इकडे तिकडे बघायची आणि परत बसायची. डोळ्यांतून टिपूस नाही. मला वाटायचं, हिने एकदा रडावं. घरात धूर केला तरी ती रडेना.

पावसाळा उलटला. थंडी पडायला लागली आणि एक दिवस आमच्या दाराशी घोडा थांबला. तोच साहेब. आता अंगावर लष्करी डगला, मागे शिपाई, शेजारी तट्टावर मुनशी. साहेब वाचला होता, चित्रं जळाली होती. त्याला आठवलं होतं की चिताऱ्याकडे नक्कल आहे.

ह्यांनी गुंडाळी आणली आणि उलगडून ओसरीवर धरली. साहेब किती तरी वेळ बघत राहिला. मग धुरावर बोट ठेवून काही बोलला. मुनशी तट्टाचा लगाम सारखा करू लागले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"जाऊ दे, बाई."

"मुनशीजी, सांगा. पूर्ण सांगा. माझी तब्येत ठणठणीत आहे."

मुनशी दुसरीकडे बघत म्हणाले, "साहेब म्हणतात, हा धूर आता तरी पुसायला हरकत नाही. गड आता रिकामाच आहे. मी काढलं होतं तेच अखेर खरं ठरलं."

आतून आई कधी बाहेर आली कळलं नाही. तिने ते चित्र तोवर पाहिलंच नव्हतं. मी दाखवायची टाळत होते. तिने मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, "ही कुठली जागा?" खरंच सांगते, तिला गड ओळखू येईना! आयुष्य वर गेलेलं, नदीपल्याडून असा कधी बघितला तिने? मग तिची नजर त्या पांढऱ्या रेघांवर गेली. तिने बोट जवळ नेलं, लावलं नाही.

"हा माझा," ती म्हणाली. आणि मग ह्यांच्याकडे वळून, "एवढाच? जावईबापू, मी सगळ्या घरांतून लावत होते."

"काढतो की," हे म्हणाले. तिथल्या तिथे कुंचला आणला, पांढरा कालवला आणि साहेबाच्या देखत आई दाखवील तिथे तिथे धूर काढू लागले. देवळामागे एक, टाक्याजवळ दोन, तटाच्या कडेला ओळीने. साहेबाचं सोललेलं नाक लालबुंद झालं. तो दोन पावलं पुढे आला. त्याच्या हातात सत्ता होती, कागद हिसकावून घेता आला असता. पण घेऊन करणार काय? त्याला हवं ते चित्र आता त्या कागदावर उरलंच नव्हतं.

तो घोड्यावर बसला. मुनशी जाता जाता म्हणाले, साहेब परवा गडाखाली डोणज्याच्या माळावर तळ टाकणार आहेत, नवं चित्र काढणार आहेत. आता धुराची अडचणच नाही, असं त्यांचं म्हणणं.

आईने ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ती चुलीपुढे बसून मडक्यात निखारे भरत होती.

"पाटी घे," म्हणाली. "पाला वाटेत तोडू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि आमच्यासाठी गाडी सांगायला बाहेर पडले.

पायथ्यापासून आम्ही दोघीच चढलो. आईचे गुडघे कुरकुरत होते, ती त्यांना शिव्या घालत होती. दरवाजावर परमुलखातले दोन-चार शिपाई उन्हाला पाठ देऊन बसले होते. आईने मडकं दाखवलं आणि म्हणाली, "महादेवाला दिवा." त्यांनी हात हलवला. म्हातारी बाई आणि तिची लेक, त्यांचं काय भय!

गडाचं वर्णन मी करत नाही. घरांची छपरं गेली होती, आमच्या घराची एक भिंत उभी होती. मी रडले. आई म्हणाली, "पाला दे." ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली, वाकली, चुलीवरची माती हाताने बाजूला केली, निखारा ठेवला, फुंकला. ज्या घराची चूल सापडली नाही तिथे तीन धोंडे मांडले. मी काटक्या घातल्या, पाला घातला, डोळे चोळले. हे सगळं दरवाजाच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या चढाआड, शिपायांना दिसेल असं काही नाही. पण खालच्या माळावरून सगळं दिसतं. तटाच्या फटीतून मी बघितलं. लांबवर साहेबाचा तंबू होता, मागे पलटणीच्या राहुट्या होत्या आणि तंबूपुढे एक माणूस बसला होता. सकाळपासून ओसाड गड काढत असेल बिचारा.

धूर चढला. पांढरा, सरळ, एकाशेजारी एक. सूर्य कलला होता, आभाळ उजळ होतं. आई मधोमध उभी राहून सगळीकडे नजर फिरवत होती. मडकं रिकामं झालं तेव्हा तिने ते उपडं करून झटकलं आणि म्हणाली, "चल."

आम्ही अर्धी उतरण उतरलो असू, तर खालून गलका ऐकू आला. बघते तर पलटणच वर येतेय! बंदुका खांद्यावर, घाम निथळतोय, पुढे साहेब घोड्यावरून उतरून लगाम धरून चढतोय आणि मागे मुनशी धापा टाकताहेत. आम्ही वाट सोडून कडेला उभ्या राहिलो. मी पदर तोंडावर ओढला. साहेबाने आमच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही, मुनशींना काहीतरी विचारायला सांगितलं.

मुनशी आमच्यापुढे आले. त्यांनी मला ओळखलं. मग आईला. मग त्यांची नजर आईच्या हातातल्या रिकाम्या, राखेने माखलेल्या मडक्यावर थांबली आणि तिथून वर, धुराकडे गेली.

"साहेब विचारतात," ते सावकाश म्हणाले, "वर माणसं किती आहेत? खालून त्यांना गड भरलेला दिसतोय. श्रीमंतांची माणसं परत शिरली की काय, असा त्यांना संशय आहे."

"सांगा त्यांना," आई म्हणाली, "खूप आहेत. घरोघर आहेत. जपून जा म्हणावं."

त्या खेपेला मुनशींनी शब्दाला शब्द सांगितला. साहेबाचा चेहरा उतरला. त्याने शिपायांना थांबवलं, बंदुका खांद्यावरून हातात घ्यायला लावल्या, फैलून चढायचा हुकूम दिला, आणि ती सगळी पलटण झुडपाझुडपाआड दबत, वाकत, माझ्या आईच्या रिकाम्या चुलींवर चालून गेली.

वळण संपलं तशी आई एका धोंड्यावर बसली. पदर तोंडात कोंबून ती हसायला लागली, खांदे गदगदा हलायला लागले. मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. मी तिच्याशेजारी बसले आणि तिला रडू दिलं. इथे धूर नव्हता, धुराचं नाव सांगायची सोय नव्हती, आणि तिने सांगितलंही नाही.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, वर बघितलं. धूर अजून चढत होता.

"अजून भितात गं," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. मी तिला उठवलं.